लेथ, शेड आणि पलीकडचे तीन

सांगतो, पण राजीखुशीनं नाही. आमच्या बोल्स क्लबला, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्या मंडळाला, पन्नास वर्षं झाली म्हणून एक पुस्तक निघतंय आणि माझी बहीण ग्लेनिस त्या कमिटीत घुसलीय. परवा तिनं माझ्यापुढं वही आपटली. म्हणाली, "नेव, क्लॅरीच्या शेडची गोष्ट तू लिहायचीस. बोलतोस तशीच लिही, फक्त शिव्या गाळ." शिव्या गाळल्यावर माझ्याकडं शिल्लक काय राहतं, हे सख्ख्या बहिणीला इतक्या वर्षांत कळू नये! माझी शाळा सहावीपर्यंत. त्यातही पाचवी दोनदा. (मला आवडली होती.) तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर वाकडंच वाचा. शेडही वाकडीच आहे, तिला कोणी बोलत नाही.

गावात ही गोष्ट सात तऱ्हांनी सांगतात. सातही तऱ्हांत गाढव मीच. म्हणून ही आठवी.

तर क्लॅरी. ग्लेनिसचा नवरा, म्हणजे माझा मेहुणा. उंच, हडकुळा, बोलायला महाकंजूष. एकतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात एकाच लेथवर, लोखंड-पितळ कातायच्या यंत्रावर, उभा राहिला. आमचं जेरिंगल गाव अगदी सीमेवर, क्वीन्सलँडच्या अंगाला. क्वीन्सलँडचे अरुंद रूळ इथं संपायचे, न्यू साऊथ वेल्सचे रुंद रूळ इथनं सुरू व्हायचे, आणि मधल्या फलाटावर माणसं, मेंढ्या, बटाटे सगळं एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचं. असल्या कारभारात कारखान्याला कामाची ददात नव्हती. मग गाड्याच बंद झाल्या. कारखान्याला कुलूप लागलं, हत्यारं विकायला काढली. क्लॅरी घरातून निघाला तो "जरा शेवटचं बघून येतो" असं सांगून. आला तो तीच लेथ घेऊन.

लेथ वजनाला चार गाभण गायींएवढी. ती ठेवली मागच्या व्हरांड्यात, ग्लेनिसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, ताडपत्रीखाली. "दोन आठवड्यांत हलवतो," क्लॅरी म्हणाला. चार वर्षं झाली. व्हरांड्याच्या फळ्या आधी कुरकुरल्या, मग कण्हल्या, मग गप्प झाल्या. माणूस गप्प झाला की समजावं, प्रकरण गंभीर आहे. फळ्यांचंही तेच.

एका सकाळी ग्लेनिस दारात येऊन उभी राहिली.

"क्लॅरी, आत्ता मी ओट्यावर अंडं ठेवलं. ते आपसूक गडगडत तुझ्या लेथकडं गेलं."

"अंडी गोल असतात, ग्लेन."

"आणि घरं सपाट असतात, क्लॅरी!"

यावर क्लॅरीनं चहा ढवळला. साखर घातलेली नसतानाही ढवळला.

"ऐक," ग्लेनिस म्हणाली. "मागच्या कुंपणाजवळ शेड बांधणार, बांधणार म्हणून माझे कान किटले. मेलबर्न कपच्या घोड्यांच्या शर्यतीच्या आठवड्यात तिचा कोबा पडला पाहिजे. नाही पडला, तर शुक्रवारी मॉरी भंगारवाला येईल आणि तुझी लेथ घेऊन जाईल. त्याला फोन करून झालाय."

क्लॅरीनं चमचा खाली ठेवला. तो मला नंतर म्हणाला, की त्या क्षणी लेथवरची ताडपत्री वाऱ्यानं जराशी हलली आणि त्याला वाटलं, तिनं ऐकलं.

आता कोणी म्हणेल, की चार वर्षांत या माणसानं शेडसाठी काहीच केलं नव्हतं का? केलं होतं. फक्त ते दुसऱ्या कोणाला दिसत नव्हतं. निलगिरीच्या झाडाखाली त्यानं खुंट्या ठोकल्या होत्या, सुतळी ताणली होती आणि आत एक लाकडी खोकं उपडं ठेवलं होतं. झाली शेड. संध्याकाळी ऊन तिरपं झालं, झाडाची साल रुप्यासारखी दिसायला लागली, की क्लॅरी तिकडं निघायचा. सुतळी कधी ओलांडायचा नाही. वळसा घालून पुढच्या बाजूला जायचा. तिथं दोन खुंट्यांच्या मध्ये सुतळी नव्हती, ते दार. दारातून आत. आत गेल्यावर टोपी काढून खिळ्याला अडकवायचा. खिळा नसल्यामुळं टोपी गवतावर पडायची. ती पडली हे त्याला कधी दिसलं नाही.

मग तो खोक्यावर बसायचा आणि शेड हळूहळू त्याच्याभोवती उभी राहायची. हे मी सांगतोय ते त्यानं मला आमच्या दोन घरांमधल्या कुंपणावरून सांगितलंय, दरवेळी दोन-दोन वाक्यांत, चार वर्षं. आधी छप्पर यायचं. मग पूर्वेकडची खिडकी. खिडकीतून उजेडाचा एक पट्टा लेथवर सांडायचा आणि तेल लावलेल्या लोखंडावरून घरंगळत खाली जायचा. चाक फिरायला लागलं, की कातलेल्या पितळेची सोनेरी भिरभिरं सुटून पायाशी पडायची. फळीवर बरण्या, बरण्यांत स्क्रू, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. कोपऱ्यात रेडिओ, त्यावर कुठल्या तरी दूरच्या मैदानावरचं क्रिकेट, कोण जिंकतंय याची फिकीर नसलेलं. आणि तेलाचा वास. तो म्हणायचा, डोळे मिटले की वास आधी येतो. (मला तिथं फक्त शेजारच्या कोंबड्यांचा वास यायचा. पण माझं नाक सहावीपर्यंतच शिकलेलं.)

एकदा तो असा बसला असताना पाऊस आला. पाव तास भिजला. ग्लेनिसनं ओरडून विचारलं, तेव्हा म्हणाला, "छपरावर छान वाजतोय."

एकदा ती चहा घेऊन सरळ सुतळीवरून टांग टाकून आत आली. क्लॅरी केवढ्यानं दचकला!

"काय झालं?"

"भिंतीतून आलीस, ग्लेन."

आणि माझंच सांगायचं तर, एकदा मी गवतावर टेकलो, तर म्हणाला, "तिथं नको, नेव. बाकावर पितळेचा चुरा सांडलाय, पँटीत घुसेल." मी उठलो. उठून पँट झटकली. वर त्याला "पुसत जा रे जरा" असंही म्हणालो. अशा माणसाबरोबर राहिलं, की आपणही त्याच्या भिंती मानायला लागतो.

पण स्वप्नावर लेथ ठेवता येत नाही. तिला कोबा लागतो. म्हणून मी मध्ये पडलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

माझं म्हणणं साधं होतं. कपच्या मंगळवारी आम्ही सगळे दरवर्षी क्लॅरीच्याच मागच्या अंगणात जमतो. सॉसेज भाजतो, गार बिअर पितो, टोपीतून चिठ्ठ्या उचलून आपापला घोडा घेतो आणि रेडिओवर शर्यत ऐकतो. आयती माणसं, आयते हात. काँक्रीटचा ट्रक त्याच दिवशी बोलवावा. क्लॅरी म्हणाला, "शर्यतीच्या वेळी नको." मी म्हणालो, "वेडा आहेस का? शर्यत दोनला. ट्रक तीनला बोलावतो. तोवर सगळे खाऊन-पिऊन खूश असतील, फावडं द्या म्हणून मागं लागतील."

शर्यत दोनला, हे बरोबर होतं. म्हणजे आमच्या दोनला. ऑक्टोबर लागला की सीमेपलीकडची माणसं घड्याळं तासभर पुढं ढकलतात. आम्ही ढकलत नाही. सूर्याला विचारल्याशिवाय घड्याळाला हात लावायचा नाही, ही आमच्या बाजूची रीत. त्यामुळं उन्हाळाभर रस्ता ओलांडून पाव आणायला गेलं, की जाताना तास जातो आणि येताना परत मिळतो. मेलबर्न पलीकडच्यांच्या घड्याळावर चालतं. तिथं शर्यत तीनला सुटते, तेव्हा आमच्याकडं दोन. हे इथल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

आणि काँक्रीट येतं पलीकडून.

फोनवर एक पोरगी होती. मी म्हणालो, "मंगळवारी तीनला पाठवा."

"कपच्या दिवशी?"

"हो."

"तीनला?"

"हो, तीनला. कमी ऐकू येतं का?"

"नक्की ना, आजोबा?"

"बाई, मला घड्याळ कळतं."

ती हसली आणि तिनं लिहून घेतलं. त्या हसण्याचा अर्थ मला पाच दिवसांनी कळला.

मंगळवार उजाडला तो असा, की जणू देवानंच अंगण पुसून ठेवलंय. आकाश निळं, वारा नाही, झाडावर मॅगपाय पक्षी घसा साफ करत बसलेला. क्लॅरी पहाटेच उठून सुतळीच्या जागी लाकडी फळ्यांची चौकट ठोकून बसला होता. ग्लेनिस डोक्यावर टोपी घालून बायकांच्या जेवणाला क्लबात गेली. त्या दिवशी सगळ्या बायका टोप्या घालतात. ग्लेनिसच्या टोपीला रानकोंबड्याच्या शेपटीचं पीस होतं, हातभर लांब. ती फाटकातून बाहेर पडली, मग सहा इंचांनी पीस बाहेर पडलं.

बेव्हन आला दहाला. बेव्हन म्हणजे क्लॅरीचा दुसऱ्या बाजूचा शेजारी, बसचा रिटायर्ड ड्रायव्हर, पुढून रुंद आणि मागून त्याहून रुंद. त्यानं आयुष्यात एकदा कोंबड्यांच्या खुराड्यापुढं हातभर कोबा घातला होता. तेव्हापासून तो या विषयातला जाणकार.

आधी लेथ व्हरांड्यातून उतरवायची, गोल लाकडांवरून ढकलत अंगणाच्या टोकाला न्यायची, कोबा वाळला की त्यावर चढवायची, असं ठरलं. पहारी लावल्या. क्लॅरी लेथशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता, म्हाताऱ्या आईला पायरी उतरवताना बोलतात तसं. ती उतरली तेव्हा व्हरांड्यानं एवढा मोठा सुस्कारा सोडला, की मॅगपाय उडाला. मग आम्ही तिला इंच-इंच सरकवत अंगणाच्या बरोबर मध्यावर आणली. तिथं बारा वाजले.

"आता खाऊन घेऊ," मी म्हणालो. (हो, मीच.) "ती काय पळून जातेय?"

तिच्याखाली रुळांखालची जुनी दोन लाकडं सरकवली आणि तिला तिथंच सोडली. तिरकी. एक टोक घराकडं, एक कोंबड्यांकडं.

सॉसेज झाली. कांदे झाले. टोपीतून चिठ्ठ्या उचलल्या. मला 'ग्रँड मार्शल' नावाचा घोडा आला. तो अजून धावतोय असं ऐकतो. पावणेदोनला मी खुर्चीत डोळे मिटून पडलो होतो. ऊन पोटावर होतं, बिअर पोटात होती, आणि जगात कुठं काही चुकलेलं नव्हतं.

तेवढ्यात गल्लीत भोंगा वाजला.

काँक्रीटचा ट्रक घराच्या बाजूनं उलटा उलटा आत आला, पाठीवरचं पिंप गरगरत. लेथ वाटेत. तिच्यापासून दोन हातांवर घोडं अडलं. दार उघडून एक तांबडालाल माणूस खाली उतरला. त्याचं नाव सॅल्व्हो, हे त्याच्या शर्टावर लिहिलं होतं. त्याच्या मनात काय होतं ते तोंडावर लिहिलं होतं.

"कपच्या दिवशी तीनची वेळ कुठल्या गाढवानं दिली?"

"तीन कुठं वाजलेत?" मी म्हणालो. "आत्ता दोनही नाहीत."

सॅल्व्होनं मनगट माझ्या नाकाला लावलं. तीनला दहा कमी. पलीकडचे तीन.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी परत आलेल्या मॅगपायकडं बघितलं.

"माझ्या मालकानं पाच दिवस ही चिठ्ठी भिंतीवर लावून सगळ्यांना हसवलं," सॅल्व्हो म्हणाला, "आणि आज मला धाडलं. ऐका, शर्यत संपेपर्यंत मी बोट उचलणार नाही."

क्लॅरी पुढं झाला. "काँक्रीट थांबतं का रे, भाऊ?"

"थोडं थांबतं. कप अजिबात थांबत नाही."

अडचण एवढीच होती, की पिंपाच्या गडगडाटात व्हरांड्यातला रेडिओ ऐकू येईना. सॅल्व्होनं पिंप मंद केलं आणि ट्रकमधला रेडिओ लावला. तो आणि क्लॅरी पुढं केबिनमध्ये बसले. बेव्हननं दारातून अर्धं अंग आत घातलं. त्या अर्ध्या अंगानं दार पूर्ण भरलं.

"सरक ना जरा," मी म्हणालो.

"कुठं सरकू? हाडांची घडी करू का?"

"तुझ्यात हाडं आहेत कुठं?"

"शू!" सॅल्व्हो ओरडला. "घोडे लागतायत!"

झालं. मी ट्रकच्या मागच्या अंगाला जाऊन उभा राहिलो, काँक्रीट ओतायच्या पन्हळीपाशी, एका लोखंडी दांड्याजवळ. तिथनं शर्यत अशी ऐकू येत होती, की शेजारच्या गावात कोणी भांडतंय. मध्ये एकदा बेव्हन बर्फाच्या पेटीतली बिअर घ्यायला मागं आला आणि परत गेला. हे लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं.

तिकडं एका घोड्यानं सुटायच्या आधीच स्वाराला पाडून पळ काढला. त्याला धरून आणेपर्यंत दहा मिनिटं गेली. ऊन चढत होतं. मग एकदाची घंटा झाली, घोडे सुटले आणि पुढं सॅल्व्हो बैलासारखा डुरकायला लागला.

क्लॅरीला मात्र शर्यत ऐकू येत नव्हती. तो मला नंतर म्हणाला, त्यानं मान मागं टेकली आणि डोळे मिटले. गर्दीचा आवाज समुद्रासारखा लांब लांब गेला. आज कोबा पडणार होता. शुक्रवारी मॉरी येईल, कोबा बघेल आणि हात हलवत परत जाईल. त्याला आधी वास आला, तेलाचा. मग छप्पर आलं. खिडकी आली. आणि मग एक नवीनच आवाज आला, जो आधी कधी आला नव्हता: दाट, मऊ, ओला, एखाद्या मोठ्या पातेल्यातून खीर ओतावी तसा. पडतोय, क्लॅरीच्या मनात आलं. कोबा पडतोय. किती छान पडतोय. तो झोपेत हसतात तसा हसला.

शेवटच्या वळणावर घोडे आले तेव्हा मी टाचा उंचावून, कान लांबवून, त्या दांड्यावर टेकलो होतो असं लोक म्हणतात.

"मागं काय वाजतंय?" बेव्हननं विचारलं.

क्लॅरीनं डोळे उघडले आणि आरशात बघितलं. अंगणाच्या मध्यभागी त्याची लेथ करड्या चिखलात गुडघाभर उभी होती. वरून पन्हळ अजून ओततच होती, अभिषेक चालावा तशी.

सॅल्व्हो धावत मागं आला आणि त्यानं दांडा ओढला. पिंप थांबलं. शर्यतही संपली. कोण जिंकलं ते आमच्यापैकी कोणालाच त्या दिवशी कळलं नाही.

"तुझं कोपर, नेव!" बेव्हन म्हणाला.

"माझं? मी दांड्याला शिवलोही नाही! तू आला होतास मागं. बिअर घ्यायला. तुझाच धक्का लागला."

"मी? मघाशी आलो होतो, पाव तासापूर्वी!"

"तुझ्या धक्क्याला पोचायला वेळ लागतो!"

क्लॅरी आमच्याकडं बघतच नव्हता. तो लेथकडं गेला आणि चिखलाच्या काठावर उभा राहिला.

"किती गेलं?" त्यानं विचारलं.

"अर्धं," सॅल्व्हो म्हणाला. "उरलेल्यात तुझी ती चौकट भरायची नाही. आणि हे उपसायचं तर आत्ता, या मिनिटाला. दहा मिनिटांनी सुरुंग लागेल."

उपसायला फावडी तीन होती. आम्ही ती उचललीही. पण क्लॅरी हलेना. तो एकदा मागच्या रिकाम्या चौकटीकडं बघत होता, एकदा लेथकडं. चार वर्षं तो तिकडं जाऊन बसला होता. भिंती तिकडं होत्या, दार तिकडं होतं. लेथ इकडं होती.

"उरलेलंही इथंच ओत," तो म्हणाला.

"इथं? अंगणाच्या मध्ये? ग्लेनिस तुला याच्यातच पुरेल," मी म्हणालो.

"नेव, फळ्या आण."

मग जी धावपळ झाली, ती पन्नाशीपुढच्या माणसांनी करू नये. चौकट तिकडून उखडली, इकडं लेथभोवती ठोकली, आणि लेथ तिरकी म्हणून चौकटही तिरकी. काँक्रीट आळायला लागलं होतं. लांब फळीनं ते सपाट करायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. एका टोकाला क्लॅरी होता. दुसऱ्या टोकाला बेव्हन वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्याची पाठ धरली होती.

नेमकी तेव्हा ग्लेनिस फाटकातून आली. आधी पीस आलं, टोपी क्लबातच उलटी फिरली असावी.

ती उभी राहिली. तिनं ट्रक बघितला, वाकलेला बेव्हन बघितला, मला बघितलं आणि मान हलवली. मग म्हणाली, "क्लॅरी, माझ्या हिरवळीवर लेथ उगवलीय."

"हो, ग्लेन."

"तिथं का?"

"तिथं आली."

मला वाटलं, आता फुटणार. पण क्लॅरी काय करत होता ते तिनं बघितलं. तो फळीचं एकच टोक धरून, गुडघ्यांवर, एकटाच ती ओढायला बघत होता. फळी वाकडी पळत होती. आणि तो रडत होता की घाम होता, हे सांगता येत नव्हतं. ग्लेनिसनं चपला काढल्या, दारातले गमबूट चढवले, चांगला झगा कमरेला खोचला आणि दुसरं टोक धरलं.

"एक सांगून ठेवते," ती फळी ओढता ओढता म्हणाली, "शेड कुंपणाजवळ ठरली होती. हा कोबा मी हिशेबात धरत नाही. शुक्रवार तो शुक्रवार."

"बरं, ग्लेन."

"सरळ ओढ."

"टोपी काढ ना, पीस बुडतंय."

"आज कप आहे. टोपी राहणार."

ते दोघं गुडघ्यांवर मागं मागं सरकत होते, फळी सर्र करून फिरत होती, आणि करड्या कोब्यावर त्या पिसानं एक बारीक नागमोडी रेघ उठत होती. ऊन मऊ झालं होतं. सॅल्व्होनं ट्रकचं इंजिन बंद केलं. मला एकदम वाटलं, हे आपण बघू नये. म्हणून मी उरलेलं सॉसेज खायला गेलो.

शुक्रवारी मॉरी भंगारवाला आला, क्रेनवाला ट्रक घेऊन. ग्लेनिसनं त्याला परत फिरवलं नाही. बोललेला शब्द फिरवायचा नाही, हा आमच्या घराण्याचा रोग आहे. क्लॅरी तिकडं झाडाखाली खोक्यावर पाठ करून बसला होता. सुतळीही नव्हती, चौकटही नव्हती, नुसतं खोकं. मॉरीनं लेथला साखळी घातली. साखळी ताठ झाली. इंजिन ओरडलं. क्लॅरीच्या खांद्यांवरून दिसत होतं, की तो श्वास घेत नाहीये.

मग मॉरीच्या ट्रकची पुढची दोन चाकं जमिनीवरून उचलली गेली. मॉरी आत बसून आकाशाकडं निघाला. लेथ केसभर हलली नाही.

खाली आल्यावर तो उतरला, कोब्याला एक लाथ मारली आणि पायाचं बोट धरून म्हणाला, "ताई, ही न्यायची तर आधी गाव खणावं लागेल. नमस्कार." सुंठीवाचून खोकला गेला.

तो गेल्यावर ग्लेनिस बराच वेळ लेथकडं बघत उभी राहिली. मग झाडाखाली गेली. मी कुंपणापाशी होतो (टोमॅटो बघत होतो), म्हणून ऐकू आलं.

"क्लॅरी, छप्पर घाल तिच्यावर. उघडी बरी दिसत नाही."

क्लॅरी खोक्यावरून उठला.

"आणि एक खिडकी माझ्या स्वयंपाकघराकडं. तू दिसला पाहिजेस."

त्या उन्हाळ्यात शेड झाली. अंगणाच्या मध्ये, घराशी तिरकी, कुंपणाशी तिरकी. कपडे वाळत घालायला ग्लेनिसला तिच्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालावी लागते. क्लॅरीनं पहिल्या दिवशी लेथवर पातळी मोजायची पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला. त्यानं काढून पुन्हा ठेवली. पुन्हा मधोमध. आडवी ठेवली, उभी ठेवली. बुडबुडा जणू खिळ्यानं ठोकलेला. कारखान्यात इंजिनिअर लोक एकतीस वर्षं पत्र्याचे तुकडे सारून जे करू शकले नाहीत, ते झालं होतं. क्लॅरी पाणसळीवर हात ठेवून तसाच उभा राहिला, खिडकीतून उजेडाचा पट्टा लेथवर पडेपर्यंत.

मग लेथ पहिल्यांदा चालू करायचा दिवस आला. सगळे जमलो. आणि क्लॅरी बोलला. लग्नातही बोलला नव्हता.

"त्या दिवशी ही वाटेत होती. हिला हलवून कोबा तिकडं टाकेपर्यंत काँक्रीट थांबलं असतं का, ठाऊक नाही. थांबलं नसतं तर आज ही नसती. ज्याचं कोपर त्या दांड्याला लागलं, त्यानं माझी लेथ वाचवली. कोण, ते मी विचारत नाही. पण हे त्याच्यासाठी."

त्यानं कापड ओढलं. खाली एक स्टूल होतं. रुळांखालच्या जुन्या लाकडाचं, पाय लेथवर गोल फिरवलेले, पाय टेकायला पितळेची कडी, आणि जागा खिडकीखाली, जिथं वारा येतो.

माझा ऊर भरून आला. मी एक पाऊल पुढं टाकलं आणि योग्य शब्द जुळवण्यासाठी जरा खाकरलो. एवढाच वेळ घेतला.

"नेव पहिल्या दिवसापासून सांगतोय ते खरं आहे," बेव्हन म्हणाला. "माझंच कोपर. कबूल करायला जड जात होतं." आणि बसला. आयत्या बिळावर नागोबा.

"थांब, थांब—" मी म्हणालो.

"काय रे नेव?" ग्लेनिसनं विचारलं. "तू क्लबात शपथेवर सांगितलंस ना, बेव्हनचंच होतं म्हणून? दोनदा?"

"तीनदा," बेव्हन म्हणाला. "मी मोजलंय."

तेव्हापासून असंच आहे. दुपारी लेथ गुणगुणते, पितळेची भिरभिरं सुटतात, क्लॅरीचा चेहरा असा असतो की त्याला हाक मारू नये, बेव्हन खिडकीखाली स्टुलावर पेंगतो, आणि मी दाराशी रंगाच्या उपड्या बादलीवर. भिरभिरं नेमकी माझ्याकडंच उडतात. गरम असतात.

तेव्हा आता लिहूनच टाकतो. कोपर माझं होतं. उजवं. त्यावर व्रणसुद्धा आहे, कोणीही येऊन बघावा. ग्लेनिसनं हे वाचलं आणि म्हणाली, "यावर कोण विश्वास ठेवणार? स्टुलासाठी काहीही लिहितोस." ठीक आहे. पण न केलेला गुन्हा कबूल करून दुसऱ्याच्या जागेवर बसणं याला आमच्याकडं एक शब्द आहे, जो ग्लेनिस गाळायला सांगेल. ज्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही, तो माणूस म्हणजे बेव्हन टायरेल.